गेटपास

माझे वडील माझगावच्या गोदीत
एकतीस वर्षं गेटवर होते.
पास बघायचे. चेहरा नाही, पास.
"चेहरा कुणीपण आणतो, बाय.
पास नसलेल्याचा हात खिशाकडे जातो
नि तिथेच राहतो."

परवा त्यांनी विचारलं,
रात्र-रात्र शिवडीला करतेस तरी काय?
म्हटलं, तुमचंच.

रक्तात एक जात असते पेशींची.
बाकीच्यांना आधी ओळखपरेड लागते, हिला नाही.
ही उपजत मारेकरी.
हिंडते, दर पेशीच्या दाराशी थांबते,
आपल्यापैकी असल्याची खूण मागते.
दाखवली, की पुढे.
नाही दाखवली,
की अंगाला अंग भिडवून भिंतीला भोक पाडते,
आत विष सोडते,
आणि पुढच्या दाराशी.

मग कॅन्सर होतोच कसा, बाबा म्हणाले.
खोटे पास, बाबा.
हे मात्र त्यांना लगेच कळलं.
"सोन्याच्या दिवसांत...", म्हणाले,
आणि चहा संपेपर्यंत गप्प बसले.

म्हणून आम्ही तिला एक जादा नजर देतो.
भांडुपच्या सूतिकागृहातून नाळेचं रक्त येतं,
एरवी वारेसकट बादलीत जाणारं.
त्यातून ह्या वेचायच्या.
मग एक विषाणू घ्यायचा, त्याचं पोट धुऊन काढायचं,
आत ठेवायची चिठ्ठी:
अमुक खुणेची दिसली
तर पास बघत बसू नकोस.

पिशवीत वाढतात, सदतीस अंशांवर, दोन आठवडे.
मग मोजणी. थेंबभर निळं टाकायचं.
मेलेली पेशी रंग आत घेते,
जिवंत घेत नाही.
हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
आई जाऊन तीन महिने झाले होते
आणि मी कुणाचं सांत्वन आत घेत नव्हते.
म्हणजे जिवंत असेन,
असं धरून चालले.

शिवडी ते परळ टॅक्सीने दहा मिनिटं.
त्या दिवशी पन्नास.
मांडीवर नायट्रोजनचं पिंप, झाकणातून वाफ.
ड्रायव्हर म्हणाला, "मच्छी है क्या, मॅडम?"
म्हटलं, नाही, वॉचमन आहेत.
त्याने आरसा नीट केला आणि
परळ येईपर्यंत काही विचारलं नाही.

रुग्ण क्रमांक सात.
नाव मला कळू नये असा नियम आहे.
पण त्यांची बायको पायाशी बसून म्हणत होती,
"मिस्त्री, डोळे उघडा. औषध आलं."
पलंगाखाली चपला,
अंगठ्यापाशी सिमेंट अजून तसंच.
पिशवी कोमट पाण्यात हलवायची,
बर्फाचा शेवटचा खडा विरेपर्यंत,
मग अर्ध्या तासाच्या आत शिरेत.
दुसऱ्याच्या रक्तातल्या इतर पेशी
पाहुण्या म्हणून येतात आणि घरावरच उठतात.
ह्या सहसा नाही.
परक्या घरात चपला बाहेर काढून शिरतात.

"किती दिवसांची ड्यूटी?" बाबांनी विचारलं.
दोन-तीन आठवडे. फार तर महिना.
मग मरतात.
"आणि पेन्शन?"
हसलो दोघं. मग नाही हसलो.

सहाव्या क्रमांकाचं मला विचारू नका.

ते भांडुपचं बाळ आता तीन वर्षांचं असेल.
बालवाडीत जात असेल,
छातीवर पिनेने रुमाल, गळ्यात नावाचं कार्ड,
आणि डबा न संपवता परत आणत असेल.
आपण परळला एका गवंड्याच्या अंगात
रात्रपाळी करून आलो,
हे त्याला कोण सांगणार?

काल सातव्याचा स्कॅन आला.
मानेतली गाठ नाही. पोटातली नाही.
काखेतली आहे. होती तेवढीच आहे.
तिच्याकडे कसला पास आहे
तेच आता शोधतोय.

बाबांना सांगितलं.
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.
"कागद नको बघूस", म्हणाले.
"शिक्का बघ."